लिलावावर नावं चढवायची का? नाशिकच्या एका मराठी फिल्मच्या टायटल्सचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमध्येच जमवलेल्या पैशातून झालेली ही फिल्म. कांदा पिकवणाऱ्या एका घराची गोष्ट, शूटिंग निफाड आणि चांदवड तालुक्यात, एडिट गंगापूर रोडवरच्या एका टू बीएचकेत. फिल्मचं आणि माणसांची नावं इथे देत नाहीये, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. माझ्याकडे पोस्टचं काम होतं, म्हणजे एडिट लॉक (पक्कं) झाल्यापासून डीसीपी, म्हणजे थिएटरात लावायची डिजिटल कॉपी, थिएटरला पोचेपर्यंत जे जे जुळवायचं ते सगळं, आणि त्यात टायटल्स, म्हणजे पडद्यावर येणारी सगळ्यांची नावं, आलीच.

निर्माते द्राक्षबागायतदार, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांच्यासोबत सहा सहनिर्माते, कुणाचं अंबडला वर्कशॉप, कुणी ट्रॅक्टर डीलर, कुणी नुसतं काकांच्या शब्दावर पैसे दिलेले. बजेट इतकं ओढूनताणून होतं की बऱ्याच जणांनी निम्म्या मानधनावर काम केलं आणि उरलेल्या निम्म्याच्या जागी त्यांना एकच गोष्ट सांगितली गेली होती, की टायटलला नाव येईल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या फिल्ममध्ये नाव हा मान असतो, अशा फिल्ममध्ये तो पगाराचा भाग असतो, पुढचं काम त्या नावावर मिळतं. तो शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा.

आता ओपनिंग. एकूण २ मिनिटं २० सेकंद, तीन तुकडे. पहिला तुकडा ४८ सेकंदांचा, पहाटेच्या अंधारात बाजार समितीच्या गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, इंजिनचा आवाज, कुणीतरी खोकतंय, चहाच्या टपरीचा एक दिवा. दुसरा ५० सेकंदांचा लिलाव, व्यापारी ट्रॉलीपाशी येतात, कांद्यात हात घालून दोन-चार दाबून बघतात, बोली चालू होते आणि आपल्या शेतकऱ्याच्या मालाला "बाराशे दहा" असा भाव सुटतो. तिसरा ४२ सेकंदांचा, तो शेतकरी काही न बोलता ट्रॅक्टरकडे परत चालत जातो, कॅमेरा त्याच्या पाठीमागे. पूर्ण फिल्म त्या बाराशे दहावर उभी आहे, घरी जाऊन तो वेगळाच आकडा सांगतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. हा आकडा प्रेक्षकाला ऐकूच आला नाही तर पुढचा अर्धा तास त्याला कळणार नाही की हा माणूस खोटं का बोलतोय.

अडचण

टायटल्सची यादी मागितली तेव्हा ती तीन ठिकाणांहून आली. दिग्दर्शकाच्या डायरीतली वेगळी, काकांच्या मुलीने एक्सेलमध्ये केलेली वेगळी (ती कार्यकारी निर्माती होती), आणि ॲग्रीमेंट्स चाळून मी काढलेली वेगळी. तिन्ही एकत्र केल्यावर सुरुवातीला यायलाच हवीत अशी ३१ नावं झाली.

नुसता हिशोब बघितला तर हे बसत होतं! एका नावाला ३ सेकंद, मधे १ सेकंद मोकळा, म्हणजे ३१ नावांना १२४ सेकंद, आणि आपल्याकडे १४० आहेत. एडिटरने तसं रफ करूनही बघितलं. तांत्रिकदृष्ट्या काहीच चूक नव्हती, पण लिलावाच्या ५० सेकंदांवर बारा-तेरा नावं चढली होती. काकांच्या घरच्या काही मंडळींना बोलावून दाखवलं आणि शेवटी एवढंच विचारलं की भाव किती सुटला? जवळजवळ कुणालाच सांगता आलं नाही. त्यातले अर्धे लोक स्वतः कांदा विकणारे, लिलावाचा पुकारा त्यांच्या कानात बसलेला, तरीही. डोळे नाव वाचत होते, कान गेले. एक मावशी म्हणाल्या, "अमुकचं नाव आलं ते बघितलं, भाव कधी म्हणले?"

याच्या जोडीला चार गाठी होत्या.

मुख्य नट मुंबईचा, मालिकांमुळे चेहरा माहितीतला, त्याच्या ॲग्रीमेंटमध्ये "पहिलं नाव, स्वतंत्र कार्ड" असं स्पष्ट लिहिलेलं (कार्ड म्हणजे पडद्यावर एका वेळी दिसणारी नावाची किंवा नावांची पाटी). मुख्य नटी नाशिकची, पहिलीच फिल्म, ॲग्रीमेंट दोन पानी आणि त्यात नावाबद्दल एक ओळ नाही, पण भूमिका त्याच्यापेक्षा मोठी. दिग्दर्शकाचं ठाम मत होतं की तिचं नाव त्याच्या खाली गेलं तर तो तिच्यावर अन्याय आहे.

दुसरी गाठ, नाशिकच्या रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ नट, सगळे त्यांना सर म्हणतात, ते फक्त दोन दिवस येऊन काम करून गेले होते, एक पैसा न घेता, आणि दिग्दर्शकाने त्यांना तोंडी सांगितलं होतं की तुमचं नाव कलाकारांच्या शेवटी "आणि" लावून येईल. कागदावर काहीच नाही.

तिसरी, सहनिर्माते. सहाही जणांना स्वतंत्र कार्ड हवं होतं. काकांचं म्हणणं साधं होतं, "फाळक्यांच्या नाशकात फिल्म करतोय, ज्या नाशिककरांनी खिशात हात घातला त्यांचं नाव गर्दीत टाकू नका." आणि त्यांचं चुकत नव्हतं.

चौथी गाठ कुणाच्याच यादीत नव्हती, ती मला टाइमलाइनवर दिसली. रांगेच्या शॉटमध्ये एक ड्रायव्हर बिडी पेटवतो. पडद्यावर तंबाखू दिसली की ती दिसेपर्यंत फ्रेमच्या खाली इशाऱ्याची पट्टी लागते, शिवाय २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे सुरुवातीला आणि मध्यांतरानंतर किमान ३० सेकंदांचे हेल्थ स्पॉट आणि किमान २० सेकंदांचं डिस्क्लेमर. म्हणजे आमची नावं जिथे खाली डावीकडे येणार तिथेच पट्टी, आणि फिल्म सुरू व्हायच्या आधी सर्टिफिकेट, स्पॉट, डिस्क्लेमर, आभार हे सगळं बघून प्रेक्षक आधीच थकलेला.

कोणते पर्याय होते

एक, सगळी नावं सीनवर चढवायची, जशी रफमध्ये होती तशी. वेळ वाचतो, पण भाव जातो. या मुद्द्यावर दिग्दर्शकाने ऑर्सन वेल्सच्या १९५८ च्या टच ऑफ इव्हिल या हॉलिवूडच्या फिल्मचं उदाहरण काढलं. त्याची सुरुवात म्हणजे तीन मिनिटांच्या वर चालणारा एकच सलग शॉट, स्टुडिओने त्यावर टायटल्स आणि संगीत चढवून तो रिलीज केला, आणि १९९८ मध्ये वेल्सच्या जुन्या टिपणावरून फिल्म परत एडिट झाली तेव्हा त्या शॉटवरची नावं काढली गेली. चाळीस वर्षांनी का होईना पण काढावी लागली, हा त्याचा मुद्दा. मला तो पटला, पण तेवढ्याने काकांचा प्रश्न सुटत नव्हता.

दोन, सगळी नावं काळ्या पडद्यावर आधी, मग सीन. हे सहनिर्मात्यांना आवडलं. पण ३१ नावं काळ्यावर म्हणजे दोन मिनिटं नुसता अंधार, आणि आपल्याकडे थिएटरात पहिली दोन मिनिटं लोक सीट शोधत, पॉपकॉर्न सांभाळत येत असतात, त्यामुळे मान मिळेल म्हणून जे केलं ते कुणी बघितलंच नाही असं व्हायची भीती.

तीन, सुरुवातीला फक्त फिल्मचं नाव, बाकी सगळं शेवटी. हल्ली बऱ्याच फिल्म्स असं करतात आणि एडिटरला हेच हवं होतं. कलाकृती म्हणून बघितलं तर हा सगळ्यात स्वच्छ पर्याय, मी स्वतः आठवडाभर याच बाजूने होतो. पण शेवटच्या सीननंतर थिएटरात काय होतं ते आपण सगळे बघतो, दिवे लागतात, दारं उघडतात, लोक पार्किंगकडे पळतात. ज्याला अर्ध्या पगाराच्या बदल्यात नाव दिलंय त्याचं नाव रिकाम्या खुर्च्यांना दाखवणं म्हणजे शब्द मोडणंच आहे, असं कार्यकारी निर्माती म्हणाली आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

चार, नावं ठेवायची पण कार्ड कमी करायची, आणि लिलावाला हात लावायचा नाही. हा पर्याय आधी कुणी मांडलाच नव्हता कारण सगळे "किती नावं" असंच मोजत होते. प्रेक्षकाचा वेळ कार्ड खातं. चार नावांच्या कार्डाला सात सेकंद पुरतात, तीच चार नावं सुटी दाखवली तर मधल्या जागा धरून सोळा लागतात.

काय केलं

आधी लिलावाचे ५० सेकंद बंद केले. तिथे एकही अक्षर येणार नाही हे लिहून सगळ्यांना पाठवलं, मग उरलेल्या वेळेत काय बसतं ते बघायचं. हा क्रम फार कामाला आला, कारण त्याच्यानंतर भांडण कुणाचं नाव मोठं यावरून न होता ९० सेकंदांत कसं बसवायचं यावर आलं.

शेवटी १४ कार्ड झाली. दोन काळ्या पडद्यावर, नुसत्या इंजिनच्या आवाजावर: निर्मिती संस्था आणि मग सहा सहनिर्माते एकाच कार्डावर, आडनावाच्या वर्णानुक्रमाने, सात सेकंद. रांगेच्या शॉटमध्ये पाच: दोन मुख्य कलाकार, चार सहकलाकार, पुन्हा चार, "आणि" म्हणून सर, आणि फिल्मचं नाव. फिल्मचं नाव गेल्यावर सहा सेकंद काहीच नाही, म्हणजे लिलाव सुरू होतो तेव्हा डोळे मोकळे असतात. तिसऱ्या तुकड्यात सात: कला, वेशभूषा, रंगभूषा एकत्र, मग संकलन आणि ध्वनी, छायालेखन, गीत-संगीत, निर्माता आणि कार्यकारी निर्माती, लेखन, आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शन. ३१ पैकी फक्त दोन नावं शेवटच्या श्रेयनामावलीत गेली, गायक आणि प्रसिद्धी, आणि दोघांना आधी फोन करून विचारलं.

दिग्दर्शकाने स्वतःहून एक गोष्ट सोडली. सुरुवातीला "अमुक यांचा चित्रपट" असं कार्ड त्याला हवं होतं, ते त्याने काढलं आणि ते सेकंद लेखकाला दिले, त्यामुळे लेखनाचं कार्ड स्वतंत्र राहिलं. कथा आणि संवाद लेखकाचे, पटकथा दोघांची, तसंच लिहिलं. मी याला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मानतो.

मुख्य कलाकारांचं कार्ड सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं. नटाच्या मॅनेजरशी बोलताना जुनी पद्धत सांगितली, एक नाव डावीकडे खाली, दुसरं उजवीकडे थोडं वर, म्हणजे डावीकडून वाचणाऱ्याला एक पहिलं आणि वरून बघणाऱ्याला दुसरं पहिलं. १९७४ च्या टॉवरिंग इन्फर्नो या हॉलिवूडच्या फिल्ममध्ये स्टीव्ह मक्वीन आणि पॉल न्यूमन यांची नावं अशीच आली होती. मॅनेजर "बघू" म्हणाला. मग नटानेच दिग्दर्शकाला फोन केला, "दादा, डावीकडे माझं ठेवा, बाकी तिचं वर असलं तरी चालेल, तिने कामच तसं केलंय." त्याचं ॲग्रीमेंट मात्र तसंच ठेवलं नाही, एका मेलवर त्याची लेखी संमती घेतली. चांगुलपणाने दिलेली गोष्टसुद्धा लिहून ठेवली की नंतर दोघांनाही सोपं जातं.

सहनिर्मात्यांकडे काका स्वतः गेले. आम्ही त्यांना लॅपटॉपवर दोन्ही व्हर्जन दिली होती, सहा सुटी कार्ड आणि एक एकत्र. एकत्र कार्ड अंधारात, फक्त ट्रॅक्टरच्या आवाजावर, सात सेकंद स्थिर राहतं, आणि आधीच्या व्हर्जनमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला तीन सेकंद येत होते. हे डोळ्यांनी बघितल्यावर पाच जण लगेच हो म्हणाले. सहाव्यांना वर्णानुक्रमात शेवटी यायचं नव्हतं, रक्कम त्यांची जास्त होती. तिथे काका नाही म्हणाले. रकमेवर क्रम लावला तर उद्या प्रत्येकाची रक्कम पडद्यावर वाचता येईल, असं त्यांनी समजावलं.

बिडीचं सोपं निघालं. त्याच शॉटचा बिडीशिवायचा एक टेक होता, उजेड जरा कमी होता पण चालण्यासारखा. बाकी फिल्ममध्ये तंबाखू कुठेच नव्हती, त्यामुळे पट्टी, स्पॉट, डिस्क्लेमर सगळंच टळलं.

मग अक्षरं. इथे मराठीत काम करणाऱ्यांनी नीट लक्ष द्यायला हवं. टायटल्स आम्ही आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये केली, आमच्या व्हर्जनमध्ये टाइप इंजिन, म्हणजे अक्षरं जुळवायची सेटिंग, साऊथ एशियनवर टाकलं नाही तर वेलांट्या भलत्या जागी जात होत्या आणि जोडाक्षरं फुटत होती. ते केलं तरी एका सहकलाकाराच्या आडनावातलं "ऱ्हा" आमच्या पहिल्या फॉन्टमध्ये "र्‍ह" ऐवजी रफार होऊन ह वर बसत होतं, म्हणजे कुऱ्हाडेचं कुर्हाडे. ल आणि श हिंदी वळणाचे येत होते ते वेगळंच. शेवटी "मुक्त" नावाचा, एकटाइप या संस्थेचा फॉन्ट घेतला, ओपन लायसन्स आहे, आणि ३१ च्या ३१ नावांची ग्लिफ, म्हणजे अक्षरांचे आकार, एकेक करून तपासली. स्पेलिंगसाठी एक नियम केला, प्रत्येकाने आपलं नाव स्वतःच्या हाताने कागदावर लिहून फोटो पाठवायचा, टाइप करून नाही, कारण फोनचा कीबोर्ड परस्पर दुरुस्त्या करतो. त्यातून पाच नावं आमच्या यादीपेक्षा वेगळी निघाली, त्यातलं एक चक्क काकांचं, पणजोबांपासून दीर्घ लिहीत आलेले आणि आम्ही सगळीकडे ऱ्हस्व छापलेलं.

डीसीपी स्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्याच्या मापात होती, २०४८ बाय ८५८ पिक्सेल. नावं फ्रेमच्या मधल्या ९० टक्क्यांच्या आत ठेवली आणि रिलीजआधी जिल्ह्यातल्या एका सिंगल स्क्रीनला जाऊन प्रत्यक्ष लावून बघितली. तिथला मास्किंगचा, म्हणजे स्क्रीनच्या कडा झाकणारा पडदा डावीकडून बराच आत येत होता, मुख्य नटाचं पहिलं अक्षर त्याला अगदी चिकटत होतं. दोन्ही नावं अजून आत घेतली.

निकाल

थिएटरमध्ये लोकांना भाव ऐकू आला. हे मी ठामपणे म्हणू शकतो कारण मध्यांतरात बाहेर उभं राहून ऐकलं, लोक "बाराशे दहा"वरच बोलत होते, आणि निफाडच्या शोला तर भाव सुटल्यावर हॉलमध्येच शेतकऱ्यांनी आवाज काढला. "आणि"च्या कार्डावर नाशिकमध्ये टाळ्या पडल्या. सर बायकोला घेऊन आले होते, त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण पुढच्या आठवड्यात नाटकाच्या ग्रुपला घेऊन परत आले.

सहावे सहनिर्माते नाराज राहिले ते राहिलेच, प्रीमियरला आले नाहीत. रंगभूषाकाराचंही म्हणणं होतं की तीन जणांच्या कार्डावर आपलं नाव शेवटी गेलं. ते बरोबर होतं, तिथे वर्णानुक्रम लावला नव्हता, नुसती सवयीची ओळ लावली होती.

वेगळं काय करता येईल

पहिला ॲडव्हान्स दिला जातो त्या दिवसापासून एकच श्रेय-वही हवी आणि ती एकाच माणसाकडे हवी. कुणी कुणाला काय शब्द दिला, नाव सुरुवातीला की शेवटी, स्वतंत्र की एकत्र, कुठल्या क्रमाने, अक्षर इतरांएवढं की मोठं, हे सगळं त्यात. तीन याद्या जुळवण्यात जो वेळ गेला त्यात बाकी सगळं होऊन गेलं असतं. ॲग्रीमेंटमध्ये "स्वतंत्र कार्ड" लिहिण्याआधी एडिटरला विचारायला हवं, कारण प्रत्येक स्वतंत्र कार्ड म्हणजे ओपनिंगमधले चार सेकंद विकले.

शूटिंगच्या वेळी रांगेचा शॉट अजून वीसेक सेकंद जास्त चालू ठेवायला हवा होता. कॅमेरा तिथेच होता, ट्रॅक्टर हलत नव्हते, काही खर्च नव्हता. स्टोरीबोर्डमध्येच नाव कुठे बसणार तो चौकोन काढला असता तर छायालेखकाने ती बाजू अंधारी ठेवली असती, आम्हाला नंतर पहाटेच्या आकाशावर पांढरी अक्षरं वाचता यावीत म्हणून ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग-उजेड जुळवताना, खटपट करावी लागली.

आणि शेतकरी. लिलावातले बहुतेक चेहरे खऱ्या शेतकऱ्यांचे, त्यांनी एक सकाळ आपला माल थांबवून दिली. कॉपीराइट कायद्यात अशी प्रासंगिक, श्रेयात एरवी नाव न येणारी कामं करणाऱ्यांना परफॉर्मर धरलेलं नाही, म्हणजे त्यांचं नाव द्यायची कायद्याने सक्ती नव्हतीच. आम्ही ती नावं शेवटच्या सरकत्या यादीत, ऋणनिर्देशात दिली होती. फिल्म ओटीटीला द्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की तिथे यादी सुरू झाली की पडदा बारीक होतो आणि पुढची फिल्म सुचवली जाते. शिवाय ओपनिंगला "स्किप इंट्रो"चं बटण लागलं तर लिलावच गेला. म्हणून डिलिव्हरीसोबत लेखी दिलं की पहिली २ मिनिटं २० सेकंद हा सीन आहे, इंट्रो मार्कर लावू नये, आणि ओटीटीच्या कॉपीत शेतकऱ्यांची नावं सरकत्या यादीतून काढून शेवटच्या शॉटवरच, शेत दिसत असताना, दोन कार्डांवर घेतली. थिएटरच्या कॉपीतही तसंच करायचं काकांनी ठरवलंय, गावोगावच्या शोसाठी नवीन डीसीपी निघेल तेव्हा.